नामहीन संहिता आणि कर्तृत्वाचा प्रश्न : अनामिक चित्रफलकांच्या संदर्भात

अनामिकता ही वाङ्मयेतिहासात नवी नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला तर ती गृहीतच असते. जात्यावरील ओवीचा कर्ता कोण, हा प्रश्न तेथे गैरलागू ठरतो. तथापि ही अनामिकता बहुधा कालौघात घडून आलेली असते. नाव होते ते गळून पडले, किंवा नावाची गरजच भासली नाही. याउलट लेखन करतानाच नाव नाकारणारी, किंबहुना नाव सांगणाऱ्याचा उपहास करणारी एक लेखनसंस्कृती गेल्या पाव शतकात प्रथम जपानमध्ये व पाठोपाठ अमेरिकेत उदयास आली. इंटरनेटवरील अनामिक चित्रफलक, म्हणजेच ज्यांना 'इमेजबोर्ड' म्हणतात ते, हे तिचे क्षेत्र होय. कर्तृत्व आणि दायित्व यांचा परस्परसंबंध या क्षेत्रात कसा दिसतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या परंपरेचा आरंभ चित्रांपासून नव्हे, शब्दांपासून झाला. मे १९९९ मध्ये हिरोयुकी निशिमुरा या अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्याने '२ चॅनेल' हा लेखनफलक सुरू केला. नावाची जागा रिकामी सोडली की तेथे आपोआप 'नानाशी-सान', म्हणजे साधारणतः 'श्रीयुत निनावी', असे उमटे. हा फलक खर्चामुळे बंद पडेल अशी भीती निर्माण झाली तेव्हा, ऑगस्ट २००१ मध्ये, 'फुताबा चॅनेल' हे आश्रयस्थान उभे राहिले आणि तेथे चित्र हाच संवादाचा आधार बनला. १ ऑक्टोबर २००३ रोजी न्यूयॉर्कच्या क्रिस्टोफर पूल या पंधरा वर्षांच्या मुलाने त्याच धर्तीवर इंग्रजीत '४चॅन' काढले. पुढे २०१५ साली ते निशिमुरा यांनीच विकत घेतले, हा या इतिहासातील एक गमतीदार योग म्हणावा लागेल.

या फलकांची रचना वाङ्मयाभ्यासकाने बारकाईने पाहण्याजोगी आहे. नवे उत्तर आले की तो संवाद वर चढतो. उत्तरे थांबली की खाली सरकतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर नष्ट होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४चॅनच्या सर्वाधिक गजबजलेल्या विभागातील दोन आठवड्यांचे सुमारे ५५ लाख लेखननमुने तपासले गेले. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्णतः निनावी होते, आणि निम्म्याहून अधिक संवादांचे आयुष्य चार मिनिटांपेक्षाही कमी भरले. ज्या संहितेला स्मृती नाही, तिच्यात टिकते ते केवळ पुनरुक्त होणारे. मांजरांची चित्रे व त्यांखालील हेतुतः मोडलेली इंग्रजी, अक्षरशः उतरवून पुन्हापुन्हा डकवले जाणारे आणि दर खेपेस थोडे बदलणारे उतारे, ही सारी निर्मिती या नश्वरतेतूनच संभवते. येथपर्यंत मौखिक परंपरेशी असलेले साम्य उघड आहे, आणि ते अनेकांनी उत्साहाने सांगितलेही आहे. या उत्साहाला मर्यादा घालणे मात्र आवश्यक आहे. गाणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्यासमोर असतो. तो गावातच राहतो. चित्रफलकावर चेहराही नाही आणि गावही नाही.

अनामिकतेचे फलित काय, याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण 'डेन्शा ओतोको', म्हणजे 'आगगाडीतला माणूस', हे होय. ते २ चॅनेलच्या शब्दप्रधान फलकावरचे आहे. पण पुढे चित्रफलकांनी ज्या सामूहिक लेखनाचा वारसा घेतला त्याचे ते शुद्ध रूप आहे. मार्च २००४ मध्ये एका बुजऱ्या तरुणाने आगगाडीत एका मद्यधुंद इसमाच्या उपद्रवापासून एका स्त्रीला सोडवल्याचे सांगितले. आभारादाखल तिने उंची चहाचे पेले पाठवले; आता पुढे काय करावे, हा त्याचा प्रश्न. शेकडो निनावी वाचकांनी उपाहारगृह कोणते निवडावे येथपासून केस कसे कापावेत येथपर्यंत सल्ले दिले आणि त्याच्या यशावर चिन्हांतून रेखाटलेल्या चित्रांनी जल्लोष केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंचोशा या प्रकाशनसंस्थेने हा संवाद ग्रंथरूपाने काढला. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या व २००५ मध्ये चित्रपट आणि दूरदर्शनमालिका झाली. लेखकाचे नाव 'नाकानो हितोरी' असे छापले होते. ते नाव नसून 'आतील एक जण' अशा अर्थाचा श्लेष आहे. ग्रंथात प्रत्येक उद्गाराचा क्रमांक व वेळ जपली असली, तरी मूळ संवादाचा फार मोठा भाग संकलकाने गाळला. घटना खरी की रचलेली, यावर पुष्कळ चर्चा झाली. वास्तविक अधिक महत्त्वाचा प्रश्न संकलनाचा आहे. निवड, क्रम आणि शेवट ज्याने ठरवला, त्याला लेखक का म्हणू नये?

रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि ती या फलकांना तंतोतंत लागू पडते असे मानले जाते. परंतु येथे मिशेल फूको यांची १९६९ची मांडणी अधिक उपयोगी पडते. लेखक शिक्षेस पात्र ठरू लागला तेव्हापासून संहितेला कर्ता आवश्यक झाला, असे त्यांच्या प्रतिपादनाचे एक अंग आहे. २ चॅनेलवरील मजकुराबद्दल बदनामीचे अनेक दावे झाले ते फलक चालवणाऱ्या निशिमुरांवर. निनावी लेखक बहुधा हाती लागले नाहीत. कर्ता नाहीसा झाला तरी दायित्व नाहीसे होत नाही, ते जागेच्या मालकाकडे सरकते. २००८ मध्ये याच संस्कृतीतून सायंटॉलॉजी पंथाविरुद्ध उभी राहिलेली मुखवटाधारी निदर्शने पाहता अनामिकता ही दुर्बलाची ढाल आहे असे वाटू शकते. ती आहेही. परंतु १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे ५१ जणांची हत्या करणाऱ्याने आधी '८चॅन'वर सूचना दिली होती, आणि त्याच्या निवेदनात फलकांवरचे विनोद व परिचित उतारे विखुरलेले होते. खून करणाऱ्यास जन्मठेप झाली. ती भाषा घडवणारे व त्याला दाद देणारे मात्र 'श्रीयुत निनावी'च राहिले. सामूहिक कर्तृत्वाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने या संहितेपुढे थांबून उत्तर द्यावयास हवे. लोकमानस हा शब्द येथे पुरत नाही.

निनावी लेखकालाही अधिकारवाणीने बोलावयाचे असते तेव्हा काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. अशांसाठी 'ट्रिपकोड' ही सोय आहे. लेखकाने दिलेल्या गुप्त शब्दापासून यंत्र एक अक्षरमालिका तयार करते व ती लेखनाला जोडली जाते. ही एका अर्थी नाममुद्राच; फरक इतकाच की संतकवीची मुद्रा कोणालाही उचलता येते आणि प्रक्षेपाचा प्रश्न उद्भवतो, तर ही मुद्रा सहजासहजी उचलता येत नाही. ऑक्टोबर २०१७ पासून 'क्यू' या एकाक्षरी नावाने अमेरिकेच्या राजकारणाविषयी गूढ भाकिते करणाऱ्याने अशीच मुद्रा वापरली. ती फुटली तेव्हा बदललीही. तरी हात एकच की अनेक, हा संशय उरलाच. २०२२ साली दोन स्वतंत्र अभ्यासगटांनी शैलीमापनाच्या आधारे दोन भिन्न हात दाखवून दिले; ज्यांच्याकडे निर्देश झाला त्या दोघांनीही कर्तृत्व नाकारले. ज्ञानेश्वरीकार व अभंगकार ज्ञानदेव एक की दोन, या वादाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला ही पद्धती अनोळखी वाटू नये.