मॅरेथॉन धावून वजन वाढलं तेव्हा

‘तहान लागली म्हणजे उशीर झाला’ हे वाक्य धावण्याच्या ग्रुपांमध्ये इतक्यांदा ऐकू येतं, की त्याचा पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखकाने मागितला होता. उत्तर आलं, ‘काका, तुम्ही फक्त प्या. विचार करायला मी आहे ना!’ हे सांगणारे कोच पस्तिशीतले, स्वतः उत्तम पळणारे आणि बोलायला भलतेच गोड. त्यांचं नाव इथे येणार नाही. हा मजकूर वाचतील तेव्हा त्यांचं त्यांना कळेल.

मुंबई मॅरेथॉन २००४मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत हे वेड गावोगाव पसरलं. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात हाफ मॅरेथॉन भरू लागली. २०१५मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्याच वर्षी मिलिंद सोमण पन्नासाव्या वर्षी झुरिकमध्ये आयर्नमॅन झाला. त्यानंतर पन्नाशीतला माणूस चड्डी घालून रस्त्यावर पळू लागला, तरी सोसायटीतलं हसणं जरा कमी झालं. या सगळ्याबरोबर एक नवा व्यवसायही उभा राहिला: हौशी लोकांना धावायला शिकवण्याचा. त्यात अभ्यासू माणसं आहेत, हे मान्य. पण कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. चार पदकं आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एवढ्यावर काम भागतं.

प्रस्तुत लेखकाला फी भरल्यावर एक एक्सेल शीट मिळाली. ‘खास तुमच्यासाठी बनवलीय’ असं सांगून दिलेल्या त्या शीटच्या कोपऱ्यात वय लिहिलं होतं २९. लेखकाची पन्नाशी केव्हाच उलटली होती. हे दाखवल्यावर कोच हसले आणि २९चे त्यांनी ५४ केले. बाकी एकही आकडा बदलला नाही.

त्या शीटमध्ये मात्र दोन रकाने फार मोलाचे होते: धावण्याआधीचं वजन आणि धावल्यानंतरचं वजन. दर रविवारच्या लाँग रननंतर लेखक इमानेइतबारे ते भरत होता. आधी ७३.४, नंतर ७३.९. आधी ७३.१, नंतर ७३.९. कोचचा हिरवा अंगठा यायचा आणि खाली मजकूर, ‘सुपर हायड्रेशन काका!’

दोन-तीन तास धावून माणसाचं वजन वाढतं कसं, हा प्रश्न ज्याला पैसे दिले होते त्याला पडायला हवा होता. पडला नाही.

शर्यतीचे आदेश स्पष्ट होते. सुरुवातीआधी एक लिटर. मग प्रत्येक स्टेशनवर २०० मिलिलिटरची छोटी बाटली संपवायची, तहान असो वा नसो. गुडघा कुरकुरतो म्हणून सकाळी एक डायक्लोफिनॅक आणि निम्म्या वाटेवर आणखी एक. लेखकाचा वेग असा, की ४२ किलोमीटरला साडेपाच तास लागणार. दर दोन किलोमीटरला एक स्टेशन धरलं, तर नुसतं पाणीच चार लिटर होतं. वर रंगीत इलेक्ट्रोलाइटचे पेले वेगळे.

तिसाव्या किलोमीटरनंतर पोटात पाणी डुचमळायला लागलं. डोकं ठणकत होतं. पुढच्याच वळणावर कोच बाटली घेऊन उभे होते. डोकं दुखतंय म्हटल्यावर म्हणाले, ‘डिहायड्रेशन! ही संपवा, मग पुढे जा.’ ती संपवून घेतल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. शेजारी त्यांचाच एक विद्यार्थी या प्रसंगाचा व्हिडिओ काढत होता.

पदक मिळालं, फोटो झाले. घरी पोचल्यावर घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला दिसला. सौ. म्हणाली, ‘अहो, बोटं बघा तुमची. अंगठी फिरतसुद्धा नाहीये.’ सवयीने लेखक वजनकाट्यावर उभा राहिला. पहाटे याच काट्यावर ७३.२ होतं. आता काटा ७५.१ दाखवत होता. काटा बिघडला असेल म्हणून मुलगा उभा राहिला. त्याचं वजन नेहमीचंच भरलं. पहाटेपासून पोटात गेलेलं खाणं म्हणजे दोन केळी आणि एक चिक्की. मग उरलेलं सगळं होतं काय? पाणी. शीटमधल्या रविवारच्या सगळ्या हिरव्या अंगठ्यांचा अर्थ त्या क्षणी लागला, आणि त्यानंतर लगेच उलट्या सुरू झाल्या. लेखक मुलाला काकाच्या नावाने हाका मारू लागला. हे त्याला स्वतःला आठवत नाही, घरच्यांनी सांगितलं.

कॅज्युअल्टीत पहिला अंदाज ठरलेलाच निघाला: ‘मॅरेथॉन धावलेत ना? पाणी कमी पडलंय.’ साध्या सलाइनची बाटली लागायच्या बेतात असताना शेजाऱ्यांची मुलगी फोनवर आली. ती भूल विभागात रेसिडेंट डॉक्टर आहे. तिने एवढंच विचारलं, ‘काकांचं सोडियम पाठवलंय का?’ रिपोर्ट आला १२३. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असतं. मग आयसीयू, तीन टक्के मिठाचं घट्ट सलाइन आणि तासातासाला रक्त.

या आजाराला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. घाम आणि लघवीवाटे जितकं पाणी बाहेर जातं त्याहून जास्त पोटात गेलं, की रक्तातलं मीठ पातळ होतं. लांबच्या शर्यतीच्या ताणात शरीर लघवी रोखून धरणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे जास्तीचं पाणी वेळेवर निघून जात नाही. ते पेशींमध्ये शिरतं. हातापायांच्या पेशी फुगल्या तर अंगठी अडकते. मेंदूच्या फुगल्या तर कवटीत जागाच नसते. डोकेदुखी, उलट्या, बरळणं, आकडी, अशी लक्षणं चढत जातात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाच्या कामात अडथळा आणून हा धोका वाढवतात. म्हणजे कोचच्या आदेशांमध्ये या आजाराची जवळजवळ पूर्ण पाककृती होती.

हे ज्ञान काल-परवाचं नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामध्ये होणारी कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत आपल्याकडच्या धावपटूंची पंढरी झाली आहे. तिथल्याच टिम नोक्स या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या अशा रुग्णांबद्दल १९८५मध्ये लिहिलं होतं. तरीही १९९६मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संस्थेने तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर पिण्याचा सल्ला दिला आणि तो जगभर पसरला. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अठ्ठावीस वर्षांची एक धावपटू याच आजाराने गेली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त संशोधकांनी तपासलं. १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याहून कमी होतं आणि तिघांचं तर १२०च्याही आत. धोका कुणाला जास्त? ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले त्यांना. हा निबंध २००५मध्ये प्रसिद्ध झाला. २००७मध्ये त्या अमेरिकी संस्थेने आपला सल्ला बदलला. त्याच वर्षी लंडन मॅरेथॉननंतर बावीस वर्षांचा एक धावपटू जास्त पाण्यानेच दगावला. २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादला जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, तहान लागेल तसं प्या.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही बोलकं आहे. २००९ची दुबई मॅरेथॉन जिंकताना हेले गेब्रसेलासीचं वजन जवळजवळ एक दशांशाने घटलं होतं. त्याचं अनुकरण हौशी माणसाने मुळीच करू नये. पण थोडं वजन घटलं की माणूस संपला, असं सांगणाऱ्या कोचने हा आकडा ऐकलेला असावा, एवढी अपेक्षा फी भरणाऱ्याने ठेवली तर काय चुकलं?

डिस्चार्ज मिळाल्यावर लेखकाने कोचला रिपोर्ट पाठवला. पहिलं उत्तर, ‘काका, मीठ कमी खाल्लं असणार.’ दुसरं, ‘प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.’ सगळ्यांना एकच शीट वाटणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य विशेष शोभलं. बोस्टनचा निबंध पाठवल्यावर लेखक ग्रुपमधून बाहेर काढला गेला. उरलेल्या महिन्यांची फी परत आली नाही. पदक गळ्यात घातलेला सुजलेल्या चेहऱ्याचा फोटो मात्र नव्या बॅचच्या जाहिरातीत झळकला, ‘आमचे सुपर सीनियर’ म्हणून.

आता ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, वजनकाटा. सरावाच्या दिवशी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर शर्यतीच्या वेगाने धावा, घाम पुसून पुन्हा वजन करा. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. हा तुमचा ताशी घाम. तासाला त्याहून जास्त कधीही प्यायचं नाही. जानेवारीतल्या पहाटेचा आणि मे महिन्यातला आकडा वेगवेगळा येतो, म्हणून दोन्ही काढा. लांब धावल्यावर वजन एक-दोन टक्के घटलं तर काळजी नको. एकदा जरी वाढलं, तरी पाण्याचा सगळा हिशेब नव्याने मांडा.

रंगीत पेयांच्या भरवशावर राहू नका. रक्तात लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल सोडियम असतं, बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्‌स ड्रिंकमध्ये २०च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्येही ते ७५च असतं. म्हणजे हे सगळं प्रमाणाबाहेर प्यायलं तरी रक्त पातळच होतं. मिठाच्या गोळ्या चघळत लिटरभर जास्त प्यायलात, तर गोळी वाचवायला येणार नाही.

शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. गुडघा इतका दुखत असेल, तर शर्यत सोडा. पुढच्या वर्षी असतेच.

झोप पुरेशी घ्या, बूट नवे घालू नका, नीट खा. हे तुम्हाला माहीत आहेच.

उष्माघातही तितकाच खरा आहे, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तो जानेवारीतही गाठू शकतो. तेव्हा पाण्याला घाबरून कोरडं धावायचं नाही. तहान लागली की थांबा आणि प्या. तहान नसताना कुणी हातात बाटली कोंबली तर ती डोक्यावर ओता.

कोच निवडताना त्याची पदकं बघू नका. त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणजे काय ते विचारा आणि उत्तर देताना चेहरा बघा. जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे सोडून गेले त्यांना फोन करा. जे टिकलेत ते कौतुकच करणार. शीट हातात आली की आधी वयाचा रकाना तपासा. वजनाचे आकडे मागणारा कोच ते वाचतो की नाही हे बघायला एकदा मुद्दाम चुकीचा आकडा भरून पाहा.

संयोजकांना एक विनंती. पाण्याची स्टेशनं मोजून जाहिरातीत छापता, तशी वैद्यकीय तंबूत वजनकाट्याची आणि हातात मावणाऱ्या सोडियम तपासणी यंत्राची सोय आहे की नाही तेही छापा. असं यंत्र काही मिनिटांत आकडा देतं.

आणि घरच्यांना. तुमचं माणूस शर्यतीहून आलं आणि डोकं धरून बसलं, उलट्या करू लागलं, अंगठी अडकली, बोलण्यात गोंधळ दिसला, तर त्याला आणखी पाणी पाजू नका, ‘झोपू दे, दमलाय’ म्हणू नका. थेट दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, ‘मॅरेथॉन धावलेत, पाणी खूप प्यायलेत, सलाइन लावण्याआधी सोडियम तपासा.’