आई स्वस्थ कधी बसते?

प्रश्न : माझं वय ३९. राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. घरात पती, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. गेल्या दोन वर्षांत मी तीनदा स्वतःसाठी दिनक्रम ठरवला. पहाटे पाचला उठायचं, कोमट पाणी, प्राणायाम, दहा हजार पावलं, रात्री डायरी. एकदाही तो तीन आठवड्यांच्या पुढे गेला नाही. पती समजूतदार आहेत, सांगितलं की मदत करतात. रविवारी दुपारभर पडून राहिले तरी सोमवारी मी थकलेलीच उठते. परवा मुलाने विचारलं, ‘आई, तू चहा उभ्यानेच का पितेस?’ मला उत्तर सुचलं नाही. माझ्यात चिकाटी कमी आहे का? दिवसभर राबत असूनही डॉक्टर ‘व्यायाम करा’ का म्हणतात? आणि घर नीट ठेवून आईला स्वतःची तब्येत सांभाळता येते, की दोन्हींतलं एकच निवडावं लागतं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी तुमच्या मुलाचा प्रश्न घेते. तुमच्या तिन्ही प्रश्नांची वाट त्यातूनच जाते.

‘स्वस्थ’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. निरोगी, आणि निवांत बसलेला. ‘स्वास्थ्य’ म्हणताना पहिला अर्थ मनात असतो, मुलांना ‘जरा स्वस्थ बस’ म्हणताना दुसरा. मूळ संस्कृत शब्द ‘स्व’ आणि ‘स्थ’ मिळून झाला आहे, म्हणजे स्वतःच्या ठिकाणी असलेला. घरातल्या बाईपुरती मात्र आपण या दोन अर्थांची ताटातूट केली. तिची तब्येत चांगली असावी असं सगळ्यांना मनापासून वाटतं. पण ती दहा मिनिटं बसली की इतरांच्या आधी तिलाच चुकल्यासारखं होतं. तुमचा चहा उभ्याने संपतो तो म्हणूनच. कप हातात असतो, कान कुकरच्या शिट्टीकडे, डोळे घड्याळाकडे आणि मन मुलाच्या न सापडलेल्या क्राफ्टच्या कागदाकडे.

चिकाटीचा प्रश्न

तुमच्यात चिकाटी भरपूर आहे. नसती तर रोज डबे भरून, गर्दीची लोकल गाठून, संध्याकाळी परत येऊन कणीक भिजवणं जमलं नसतं. तुमचा दिनक्रम मोडला तो हिशेबाने मोडला.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंद होते. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि दीड तासाहूनही कमी. मुलांचं आणि वडीलधाऱ्यांचं करणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात. त्यावर तुमची नोकरी आणि डोंबिवली ते सीएसएमटी येणं-जाणं घाला. अशा दिवसात तुम्ही आणखी पाच कामं घातलीत आणि त्यांना ‘स्वतःसाठी’ असं नाव दिलंत. भरलेल्या डब्यात आणखी एक पोळी कोंबली तर झाकण लागत नाही, त्यात पोळीचा दोष नसतो.

वेळ मिळाला तो झोपेतून. रात्री साडेअकराला ओटा पुसून झोपणारी बाई पाचला उठते, तेव्हा तिची झोप साडेपाच तासांवर येते. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा सल्ला जुना आहे, वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते. पण तो सल्ला ‘स्वस्थ’ माणसाला दिलेला आहे. आधी स्वस्थ व्हायचं, मग पहाट. पाचला उठायचं असेल तर दहाच्या आत झोपावं लागेल, आणि तुमच्या घरी ते आज शक्य नसेल तर सहाला उठणं हेच आरोग्याचं आहे.

दहा हजार पावलांचंही ओझं उतरवा. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तिथून तो आकडा जगभर पसरला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय बहात्तर होतं. रोज सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण लक्षणीय कमी दिसलं, आणि साधारण ७५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तुमचं वय वेगळं आहे, पण दहा हजार झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असं नक्कीच नाही. स्टेशनचे जिने आणि पूल पाहता तुमची पुष्कळशी पावलं घरी येईपर्यंतच होत असतील.

राबणं आणि व्यायाम

मग डॉक्टर व्यायाम का सांगतात? झाडू-पोछा, जिने, भराभर चालणं हे सगळं शरीराच्या खाती जमा होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. आधी सलग दहा मिनिटांची अट होती, ती त्यात काढून टाकली. थोडं थोडं केलेलंही धरलं जातं.

पण त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम सांगितला आहे, आणि घरकामात नेमका तोच राहून जातो. ओट्यापाशी तासभर उभं राहून पाय दुखतात, कारण चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात आणि नुसतं उभं राहिलं की ते काम मंदावतं. पाय भरून येतात, पण पाय बळकट होत नाहीत. तिशीनंतर स्नायू हळूहळू उतरू लागतात, आणि पाळी जाण्याच्या सुमारास हाडांची झीज वेगाने होते. त्याआधीची ही वर्षं कमाईची आहेत.

त्यासाठी जिम लागत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत टाचा वर-खाली करा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखं पुढे-मागे व्हा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, पंधरा मिनिटं. सोपं वाटू लागलं की संख्या वाढवा. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सोमवारच्या थकव्याचं मात्र आधी रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. त्याबरोबर थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहायचं का, हे डॉक्टरांना विचारा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तोही न लाजता सांगा. जेवणात दोन बदल आजपासून करता येतील. चहा जेवणाला किंवा नाश्त्याला लागून न घेता तासभर अंतराने घ्या, कारण चहातली द्रव्यं अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. पालेभाजीवर, पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा, कारण त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं म्हणजे तुमचं जेवण, हे थांबवा. सगळ्यांबरोबर बसा, आपलं ताट आपण वाढून घ्या. डाळ, दही, उसळ आधी तुमच्या वाटीत पडू द्या.

रविवारी पडूनही थकवा का?

रिपोर्ट चांगले आले, तरी एक कारण उरतं आणि ते कुठल्याही तपासणीत दिसत नाही. पडल्या पडल्या तुमच्या मनात काय चाललेलं असतं, ते एका रविवारी कागदावर लिहून पाहा. सिलिंडर संपत आला, नंबर लावायचा. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या बुधवारपर्यंतच्या. मुलीच्या शाळेची मीटिंग. वह्यांना कव्हरं. कामवाल्या ताई गुरुवारी सुट्टीवर. मटकी भिजत घालायची राहिली. शरीर गादीवर असतं आणि डोकं कामावर.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१९ साली या अदृश्य कामाचे चार भाग मांडले : गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवताना नवरा-बायको पुष्कळदा बरोबर असतात. आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं मात्र जास्त करून बाईकडे येतं, असं त्यांना दिसलं. देश वेगळा आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात हे जसंच्या तसं ओळखू येतं.

म्हणून तुमच्या पत्रातलं ‘सांगितलं की मदत करतात’ हे वाक्य मी पुन्हा वाचलं. पती चांगले आहेत यात मला शंका नाही. पण मदत दुसऱ्याच्या कामात होते. सांगायचं तुम्ही, आठवण करायची तुम्ही, राहिलं तर बोल तुम्हालाच. हात त्यांचे लागले तरी काम तुमच्या डोक्यातून उतरलंच नाही.

घर चालवणं आणि घर वाटून घेणं

तेव्हा आता आणखी काही सुरू करू नका. काहीतरी सोडा, आणि सोडताना अख्खं सोडा. उदाहरणार्थ मुलांचा डबा. उद्या काय द्यायचं याचा विचार, त्यासाठी भाजी आणणं, रात्री निवडून ठेवणं, सकाळी करणं, भरणं आणि संध्याकाळी दप्तरातून डबा बाहेर आला का ते पाहणं, हे सगळं मिळून एक काम आहे. ते पतींकडे आठवड्यातले तीन दिवस पूर्ण जाऊ दे. त्या तीन दिवसांत तुम्ही डब्याचं नावही काढायचं नाही. भाजी जाड चिरली जाईल. एखाद्या दिवशी पोळीऐवजी ब्रेड जाईल. ‘राहू दे, मीच करते’ हे चार शब्द त्या वेळी गिळणं हाच तुमचा सगळ्यात अवघड व्यायाम असेल. पण ते बोललात तर काम त्याच दिवशी परत तुमच्याकडे येईल, आणि मग पुन्हा जाणार नाही.

रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांनी वीस मिनिटं बसा, सासूबाईंसकट. आठवड्याची कामं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे एकच नाव, आणि कागद फ्रिजवर लावा. आठ वर्षांचा मुलगा पाण्याच्या बाटल्या भरू शकतो, ताटं-पाणी घेऊ शकतो, वाळलेले कपडे घडी करून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवू शकतो. सासूबाईंना जे आवडीने जमतं ते त्यांनाच निवडू द्या. लिहून झाल्यावर एक गोष्ट जरूर मोजा : मुलीच्या नावापुढे किती कामं आली आणि मुलाच्या नावापुढे किती. आईचं ओझं हलकं करताना ते नकळत तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर सरकतं. तसं झालं तर वीस-पंचवीस वर्षांनी हेच पत्र ती लिहील.

काही गोष्टी ठरवूनच टाका, म्हणजे रोज विचार करावा लागणार नाही. आपल्याकडे वारांचे उपास होते, वारांचे पदार्थ होते. त्यातली सोय आपण विसरलो. सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी घावन, गुरुवारी नाचणीची आंबील असं लावून टाकलं की सकाळचा एक प्रश्न मिटतो. आणि दिवेलागणीची जुनी वेळ परत आणता आली तर पाहा. तुमच्या घरी ती सगळे परतल्यावर, आठला आली तरी चालेल. दिवा लावा किंवा नुसते एकत्र बसा, पण दहा मिनिटं टीव्ही बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. आई बसलेली असते हे मुलांना रोज दिसायला हवं.

ज्यांच्या घरी वाटून घ्यायला दुसरं कोणी नाही अशा आयाही हे वाचत असतील. त्यांनी कामांची यादी करून आधी खोडायला सुरुवात करावी. रोज इस्त्री, दोन भाज्या, प्रत्येक वाढदिवसाला घरचाच केक, यातलं जे केवळ ‘लोक काय म्हणतील’ म्हणून होतं, ते खोडलं तर चालतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप उडाली, तर तो नुसता थकवा मानू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं, ताई : घर आणि तब्येत यांतलं एक निवडावं लागतं, ते घर एकटीच्या डोक्यात राहतं तोवर. या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करा. रक्त तपासा. डब्याचं काम तीन दिवसांसाठी द्या. आणि उद्या सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसा, मुलगा तयार होत असताना, त्याच्या समोर. कप रिकामा होईपर्यंत उठू नका. त्याने पुन्हा काही विचारलंच, तर त्याला सांगा की बाटल्या आज तू भरायच्या आहेस.