शिकाऊ उमेदवारी : कारखान्याबाहेरील क्षेत्रे

जाणत्या कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. सुतार, विणकर व सोनार यांची मुले वडिलांच्या शेजारी बसूनच हत्यार धरावयास शिकली. तथापि ही विद्या बहुधा जातीच्या व कुटुंबाच्या कुंपणातच राहिली. १८५० साली झालेला कायदा मुख्यत्वे अनाथ व गरीब मुलांना धंदा शिकविण्यापुरता होता. पुढे १८६२ मध्ये जमालपूर येथे रेल्वेची कर्मशाळा उभी राहिली आणि १९२१ मध्ये जमशेदपूर येथे पोलाद कारखान्याला जोडून तंत्रशिक्षण संस्था निघाली. अशा ठिकाणी कुटुंबाच्या कक्षेबाहेरची उमेदवारी रुजली.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला आणि १ मार्च १९६२ पासून तो अमलात आला. उमेदवार व मालक यांच्यात लेखी करार व्हावा, त्याची नोंदणी व्हावी आणि उमेदवारास विद्यावेतन मिळावे, ही त्याची मुख्य सूत्रे होत. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. म्हणून कामगारविषयक कायदे त्यास सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत; मात्र आरोग्य व सुरक्षितता यांविषयीच्या तरतुदी लागू होतात. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, तर १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षण घेतलेले विद्यार्थी या योजनेत आले. तरीही फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री असे कारखान्यातील व्यवसायच तिच्या केंद्रस्थानी राहिले.

दरम्यान देशाच्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप पालटले. आज राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग सेवा क्षेत्रातून येतो. हे ध्यानात घेता २०१४ ची दुरुस्ती महत्त्वाची ठरते. शासनाने ठरविलेल्या व्यवसायांखेरीज मालकास स्वतः निश्चित करता येतील अशा ऐच्छिक व्यवसायांना तिने मान्यता दिली आणि अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही प्रवेश खुला केला. २०१६ मध्ये विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र शासनाने उचलण्याची योजना सुरू झाली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले.

अशा रीतीने हॉटेल, बँक, दुकान, गोदाम यांची दारे उघडली. परंतु तेथे शिकवावयाचे काय, हा प्रश्न उरतोच. टर्नरने कातलेला दंड ठरल्या मापाचा झाला की नाही, हे मायक्रोमीटर सांगतो. गोदामात खोकी उचलणे मात्र चार दिवसांत जमते. त्यातच उमेदवाराचे वर्ष गेले, तर तो विद्यार्थी न राहता स्वस्त मजूर होतो. आणि कायद्याने कामगार नसल्यामुळे कामगाराचे संरक्षणही त्यास लाभत नाही. वस्तुतः गोदामातही शिकण्याजोगे पुष्कळ आहे : साठ्याचा हिशेब, मुदत संपणाऱ्या मालाची पाळी लावणे, शीतगृहाचे तापमान राखणे, पाठवणीचा क्रम आखणे. हे सारे क्रमाने शिकविले, तरच ती खरी उमेदवारी होय.

जर्मनीचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. तेथे १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात चार नवे व्यवसाय उमेदवारीसाठी खुले करण्यात आले. त्यासाठी मालक, कामगार संघटना व शासन यांनी एकत्र बसून प्रत्येक व्यवसायात काय शिकवावयाचे, हे आधी निश्चित केले. उमेदवार काही दिवस आस्थापनेत व काही दिवस व्यवसाय शाळेत शिकतो. अंतिम परीक्षा त्याचा मालक घेत नाही. ती उद्योग व व्यापार मंडळ घेते, आणि परीक्षकांत मालक, कामगार व शिक्षक या तिघांचेही प्रतिनिधी असतात.

आपल्याकडे नव्या उद्योगांत उमेदवारी नेताना केवळ उमेदवारांची संख्या मोजणे पुरेसे नाही. कोणत्या महिन्यात कोणते काम शिकवावयाचे याचा लेखी क्रम, शिकविण्याची जबाबदारी सोपविलेला जाणता माणूस आणि आस्थापनेबाहेरील परीक्षा, या तीन गोष्टी प्रत्येक ठिकाणी आहेत की नाहीत, हे पाहिले पाहिजे. इतर सर्व बाबी समान असतील तर थेट येणाऱ्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले होते. या प्राधान्याला अर्थ यावयाचा, तर उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्राबरोबर दुसऱ्या मालकाकडेही उपयोगी पडेल असे कसब असावयास हवे.