झेल्यावाला जाताय? डांबर सोडू नका

क्रोएशियात प्लिटवित्सेची तळी पाहायला गेलेल्या अनेकांना झेल्यावाचेही वेध लागतात. प्लिटवित्सेहून गाडीने तासाभराच्या आत तिथे पोचता येतं. युगोस्लाव्हियाने प्लेशेवित्सा डोंगराच्या पोटात खोदलेला हा गुप्त हवाई तळ. १९४८ ते १९६८ अशी वीस वर्षं बांधकाम चाललं. सांकेतिक नाव ‘ऑब्जेक्ट ५०५’. साडेतीन किलोमीटरचे बोगदे, शंभर टनांची दारं आणि आत मिग-२१ विमानांचे ताफे. अणुहल्ल्यातही टिकावा असा बांधलेला हा तळ युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धात, मे १९९२ मध्ये, माघार घेणाऱ्या युगोस्लाव्ह सैन्यानेच स्फोटकांनी उडवला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून भोवती भूसुरुंगही पेरले.

मी गेलो तो स्थानिक वाटाड्याबरोबर. विमानाच्या आकारात कापलेलं बोगद्याचं तोंड, धावपट्टीच्या बाजूला गंजत पडलेलं जुनं डकोटा विमान. माणूस भारावून जातो. आमच्यातला एक मुलगा अख्खं विमान फोटोत यावं म्हणून मागे सरकत सरकत गवताच्या कडेला पोचला. वाटाड्या जिवाच्या आकांताने ओरडला, त्याला हाताला धरून डांबरावर आणलं आणि मग झाडीतली लाल पाटी दाखवली. तिच्यावर कवटी होती. २००० साली बोस्नियाच्या हवाई दलातला एक मेजर याच परिसरात अळंबी शोधताना सुरुंगाने गेला. तो ‘प्रॉम-१’ जातीचा सुरुंग होता. तारेला धक्का लागला की तो आधी कमरेएवढा उसळतो आणि मग फुटतो, त्यामुळे शेजारी उभी असलेली माणसंही सुटत नाहीत. ज्याचं आयुष्य सैन्यात गेलं त्याला जे दिसलं नाही, ते आपल्याला दिसेल असं समजू नये.

म्हणून जाणार असाल तर काही गोष्टी मनाशी पक्क्या करा. आधी स्थानिक पोलिसांकडे चौकशी करा आणि माहीतगार वाटाड्या घ्या. पाय फक्त डांबरावर किंवा काँक्रीटवर ठेवा. लघुशंकेसाठीसुद्धा झुडपात शिरू नका, त्याची सोय निघण्याआधीच करा. पाटी दिसली नाही म्हणजे जागा सुरक्षित, असं नसतं. पाट्या पडतात, चोरीला जातात. पावसापाण्याने सुरुंगही जागा बदलतात. २०१४ च्या पुरात बोस्नियात हे घडलं आहे.

बोगद्यात शिरू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. स्फोटांनी छत खिळखिळं झालं आहे, जमिनीत उघडे खड्डे आहेत आणि थोडं आत गेलं की मिट्ट काळोख. तोंडाशी उभं राहूनही तळाचा आवाका कळतो.

आपल्या पासपोर्टधारकांसाठी आणखी एक इशारा. क्रोएशिया आणि बोस्निया यांची सीमा या तळातूनच जाते. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन या युरोपातल्या सामायिक व्हिसाक्षेत्रात आहे, बोस्निया नाही. धावपट्टीवरून चालता चालता पलीकडे गेलात तर ती बेकायदा सीमा ओलांडणी ठरते. सीमा पोलिसांची गस्त असते. पासपोर्ट आणि व्हिसा जवळ ठेवा.

गूढ जागांची ओढ मला आहे आणि ती असण्यात गैर काही नाही. पण झेल्यावासारख्या ठिकाणी युद्ध संपलं ते कागदावर. जमिनीत ते अजून शिल्लक आहे. हे आपल्याकडेही लागू आहे. नगरजवळच्या के. के. रेंजसारख्या लष्करी सराव क्षेत्रांत न फुटलेले तोफगोळे भंगार म्हणून उचलताना माणसं दगावली आहेत. अशी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, आल्या पावली मागे फिरा आणि ११२ वर कळवा. हा क्रमांक क्रोएशियात चालतो आणि महाराष्ट्रातही.