दूरध्वनीच्या तारेवरून घरचा संगणक



आज खिशातल्या मोबाईलवरून घरचा संगणक उघडता येतो. त्यामागील तत्त्व जुनेच आहे. ते समजावे म्हणून हा छोटासा पाठ.

दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून जातो. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एकाची. मोडेम या अंकांचे आवाजात रूपांतर करतो, पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा अंक करतो. १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सेन व रँडी स्युस यांनी याच पद्धतीने स्वतःच्या संगणकावर सूचनाफलक सुरू केला. एका वेळी एकालाच फोन लागे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. तेथे आपण त्यांच्या संगणकाला फोन लावत असू. येथे बाहेरून आपल्या घरच्या संगणकाला फोन येतो.

त्यासाठी चार गोष्टी लागत :

१) संगणक सुरू व मोडेम तारेला जोडलेला हवा.
२) मोडेमने आपणहून फोन उचलावा. विंडोज ९८ मधील ‘डायल-अप सर्व्हर’ हे काम करी.
३) परवलीचा शब्द हवा. आपला नंबर डिरेक्टरीत छापलेला, म्हणजे दार रस्त्यावरच!
४) कोणता फोल्डर खुला ठेवायचा आणि तो केवळ वाचण्यास की बदलण्यासही, हे आधी ठरवावे.

मोडेम ५६ चा असला तरी घर ते घर वेग ३३.६ किलोबिटच्या वर जात नसे.

सन २००० मध्ये मी कॉलेजात होतो. थोरले बंधू नागपुरास नोकरीला होते. भंडाऱ्याच्या घरी शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची यादी मी टंकित करी, ते तिकडून तपासत. दिवसा मोडेम फोन उचली आणि आत्याला नुसती किंकाळी ऐकू येई. म्हणून रात्री अकरानंतर, एस.टी.डी.चा दर उतरल्यावर, फोन लावायचे ठरले. फोल्डर मी बदलण्यासही खुला ठेवला होता. एके रात्री दादांकडची जुनी यादी माझ्या नव्या यादीवर चढली. चार मुलांची नावे गेली. अर्जाची मुदत दोन दिवसांवर! सायकलने घरोघर फिरून माहिती पुन्हा गोळा केली. चूक माझीच होती. फ्लॉपीवर प्रतही ठेवली नव्हती.

आता मोडेम गेले, फ्लॉपी गेली; दार मात्र आहेच. म्हणून मित्रहो, कामापुरतेच उघडा, पक्के कुलूप लावा आणि एक प्रत निराळी ठेवा.