मिडल्टनचा पाट

शेतात पाट काढणारा आधी काय बघतो? जमिनीचा उतार. उतार जास्त झाला तर पाणी माती खाते, कमी झाला तर तुंबते. चारशे वर्षांपूर्वी लंडन शहरातल्या एका सोनाराला हेच कोडे सोडवायचे होते. त्याची हकीकत आपण वाचू.

लंडनला थेम्स नदी आहे. पण वस्ती वाढली, तशी नदी घाण झाली. पाणके लोक खांद्यावर पाणी वाहून घरोघर विकत. शहराच्या उत्तरेला वेअर गावाजवळ चांगले जिवंत झरे होते. तिथून पाट आणावा, ही कल्पना एडमंड कोल्थर्स्टची. त्याने थोडे खोदलेही, पण पैशाअभावी काम अडले. पुढे नाव झाले ते दुसऱ्याचेच!

१६०९ साली ह्यू मिडल्टनने हे काम अंगावर घेतले. तो मूळचा वेल्समधल्या डेन्बीचा. लंडनमध्ये सोनारकी आणि व्यापार करी. डेन्बीतर्फे तो पार्लमेंटात निवडून गेला होता.

झरे सरळ वाटेने सुमारे ३२ किलोमीटरवर. पण पाणी चढण चढत नाही. म्हणून टेकड्यांना वळसे घालत पाट आणला, तो ६२ किलोमीटर झाला. एवढ्या लांबीत उतार किती? अवघा साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे अर्धी वीतही नाही!

उताराचे कोडे सुटले, माणसांचे सुटेना. जमीनदार म्हणाले, "आमची कुरणे चिखल होतील, गुरे पाटात पडतील." त्यांनी पार्लमेंटात तक्रार नेली. काम थांबले, पैसाही संपत आला. शेवटी १६१२ साली मिडल्टनने राजा पहिला जेम्स यालाच भागीदार केले. अर्धा खर्च राजाचा, अर्धा नफाही राजाचा. राजाच भागीदार म्हटल्यावर विरोध करणार कोण? (पुढे १६२२ साली हाच राजा घोड्यावरून याच पाटात पडला. त्याला ओढून काढावे लागले.)

२९ सप्टेंबर १६१३ रोजी पाणी लंडनच्या वेशीवर आले. तिथल्या तळ्यातून लाकडाचे पोखरलेले ओंडके जोडून ते घरांत नेले. हे ओंडके गळत फार. शिवाय पैसे भरील त्यालाच नळ. म्हणून गरिबाच्या दारी पाणक्याच येत राहिला.

मिडल्टन १६३१ साली वारला. भागीदारांना पहिला नफा वाटला गेला १६३३ साली. पाट मात्र बुजला नाही. लंडनला आजही त्यातून पाणी मिळते.