संघटनेच्या तोंडून बोलणारे तेलवाले

जालन्याच्या बाजारात ज्याचे दुकान आहे, तो कुठल्या ना कुठल्या संघटनेचा सभासद असतोच. आडत्यांची वेगळी, किराणावाल्यांची वेगळी, कापडवाल्यांची वेगळी. ट्रकमालक, गॅरेजवाले, सळईचे कारखानदार यांच्याही आपापल्या संघटना असतात. वर्षाची वर्गणी भरायची, पावती घ्यायची, आणि सभेला जमले तर जायचे. आपल्या नावाने संघटना कोणत्या साहेबाला काय लिहून देते, हे बहुतेक सभासदांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातूनच कळते.

संघटना करणे वाईट, असे मुळीच म्हणायचे नाही. एकट्या दुकानदाराचे मंत्रालयात कोण ऐकून घेतो? एलबीटीचेच उदाहरण घ्या. महापालिकांच्या हद्दीत जकात (म्युनिसिपालटीची, आपल्या दीनातली नव्हे) जाऊन स्थानिक संस्था कर आला, तेव्हा राज्यातल्या व्यापारी संघटनांनी २०१३ मध्ये बंद पुकारले, शिष्टमंडळे नेली. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची त्यातून सुटका झाली. या लढ्यात जे मागितले ते उघडपणे मागितले, आणि ज्यांच्या नावाने मागितले त्यांनाच ते हवे होते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या नसल्या म्हणजे संघटनेचे काय होते, हे जगातल्या सर्वांत मोठ्या धंद्यात, म्हणजे तेलाच्या धंद्यात, पाहायला मिळते.

अमेरिकेतल्या तेल कंपन्यांची मोठी संघटना म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. ती १९१९ सालची. पाइपची जाडी किती असावी, टाकीची तपासणी कशी करावी, असे नियमही ती ठरवते, आणि ते काम उपयोगाचे आहे. पण १९८९ मध्ये, कोळसा आणि तेल जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढते आहे ही चर्चा सरकारदरबारी पोचली, तेव्हा आणखी एक संघटना उभी राहिली. तिचे नाव ग्लोबल क्लायमेट कोॲलिशन. नाव ऐकून कोणालाही वाटावे की ही हवामान वाचवणारी मंडळी. प्रत्यक्षात तिच्यात तेल, कोळसा, वीज आणि मोटारींच्या कंपन्या व त्यांच्या संघटना होत्या, आणि तिचे काम होते इंधनावर बंधने येऊ न देणे.

तिची युक्ती साधी होती. शास्त्रज्ञांमध्ये अजून एकमत नाही, घाई करू नये, खर्च फार येईल, हेच पुन्हा पुन्हा सांगायचे. पुढे २००९ मध्ये जे कागद बाहेर आले त्यांतून असे दिसले की याच संघटनेच्या तांत्रिक समितीने १९९५ मध्ये आपल्याच सभासदांसाठी टिपण तयार केले होते, आणि त्यात म्हटले होते की माणसाने सोडलेल्या वायूंचा हवामानावर परिणाम होतो यामागचे शास्त्र पक्के आहे, ते नाकारता येत नाही. म्हणजे मालाला खोट आहे हे गोदामात माहीत होते, काउंटरवर मात्र गिऱ्हाइकाला वेगळे सांगितले जात होते. असा व्यवहार आपल्या बाजारात कोणी केला तर त्याला काय म्हणतात, ते लिहायची गरज नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधील क्योटो शहरात करार झाला आणि श्रीमंत देशांनी आपला धूर कमी करण्याचे ठरवले. मार्च २००१ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याची एक अधिकारी या संघटनेला भेटणार होती. भेटीसाठी तिला जे मुद्दे लिहून दिले होते, त्यांत राष्ट्राध्यक्षांनी करार नाकारला तो काही अंशी तुमच्या म्हणण्यावरून, असे संघटनेला सांगावे, असा एक मुद्दा होता. हा कागदही नंतर माहितीच्या कायद्याखाली बाहेर आला. काम झाल्यावर २००२ मध्ये संघटनेने आपले दुकान बंद केले.

आता वाचक विचारतील, एवढ्या मोठ्या कंपन्यांना संघटनेचा आडोसा कशाला हवा? त्या स्वतःच सरकारकडे जाऊ शकत नाहीत का? जातातच. पण पंपावर कंपनीचे नाव लावलेले असते आणि गिऱ्हाइकाचा राग नावावर निघतो. संघटनेचा पंप कुठेच नसतो. शिवाय एक कंपनी गेली तर ती आपल्या नफ्याचे बोलते असे मंत्री समजतो. संघटना गेली की तेच बोलणे ‘उद्योगाचे म्हणणे’ होते आणि सोबत लाखो कामगारांच्या रोजगाराचा आकडा येतो. संघटनेत जो सर्वांत जास्त वर्गणी भरतो आणि ज्याच्याकडे बैठकांना पाठवायला पगारी माणसे असतात, त्याचाच मसुदा मंजूर होतो, हेही खरे. लहान सभासद दुकान सोडून जाणार कधी?

यातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग २००९ चा आहे. त्या वर्षी २६ जूनला अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहात धुरावर मर्यादा घालणारे विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी पास झाले. बीपी, शेल आणि कोनोकोफिलिप्स या तेल कंपन्या, असा कायदा व्हावा म्हणणाऱ्या एका गटात सामील होत्या, आणि त्याच वेळी पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्याही सभासद होत्या. ऑगस्टमध्ये इन्स्टिट्यूटचे पत्र फुटले. विधेयकाविरुद्ध गावोगाव ‘नागरिकांचे’ मेळावे भरवायचे आहेत, तुमचे कर्मचारी पाठवा, असे त्यात सभासद कंपन्यांना कळवले होते. ह्यूस्टन शहरात पहिला मेळावा झाला तेव्हा तेल कंपन्यांचे नोकर बसगाड्या भरभरून आणले गेले. एका खिशातून कायद्याच्या बाजूने वर्गणी, दुसऱ्या खिशातून विरोधात. विधेयक वरच्या सभागृहात मतदानाला आलेच नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये बीपी आणि कोनोकोफिलिप्स पाठिंबा देणाऱ्या गटातून बाहेर पडल्या, इन्स्टिट्यूटमध्ये मात्र राहिल्या.

लहान धंदेवाल्यांनी तर पुढची गोष्ट नीट वाचावी. कॅलिफोर्निया राज्यात तेलवाल्यांची वेगळी संघटना आहे, वेस्टर्न स्टेट्स पेट्रोलियम असोसिएशन. २०१४ मध्ये तिचा एक अंतर्गत कागद बाहेर आला. त्यात डझनाहून अधिक छोट्या गटांची नावे होती. कुठे वाहनचालकांचा गट, कुठे करदात्यांचा, आणि या सगळ्यांच्या मागे तीच संघटना. नवीन नियमामुळे गरीब ड्रायव्हर मरेल, असे ड्रायव्हरच्या नावाने ओरडायचे आणि ड्रायव्हरला पत्ता नाही.

हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, टँकरचे पाणी घालून झाडे जगवण्यासाठी शेतकऱ्यांनी कसे पैसे ओतले, हे बाजाराने पाहिले आहे. मोसंबी आणि कापसाचा पैसा आला नाही की कापडाच्या दुकानापासून फर्निचरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या वह्या उधारीने भरतात. कोणताही एक दुष्काळ केवळ तापमानवाढीने आला असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, आपणही म्हणू नये. मराठवाड्यात दुष्काळ पूर्वीही पडत होते. पण पारा वाढला की जमिनीतली ओल लवकर उडते आणि त्याच पावसात पीक कमी तगते, एवढे तर कोणताही बागाईतदार सांगेल. सातासमुद्रापार वीस-पंचवीस वर्षे जी चालढकल झाली, तिच्या हिशेबात आपलेही खाते आहे.

आपल्या देशात इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम या कंपन्या सरकारच्याच. त्यांना मंत्र्यांपर्यंत पोचायला संघटनेची शिडी लागत नाही. पण मोटारवाल्यांनी मात्र हाच रस्ता धरल्याचे उदाहरण आहे, आणि त्यातला एक पक्ष आपल्या शेजारचाच, वाळूजला कारखाना असलेली बजाज ऑटो. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हा धुराचा कडक नियम लागू व्हायचा होता. त्यासाठीचे स्वच्छ इंधन देशभर पुरवता यावे म्हणून तेल शुद्धीकरण कारखान्यांवर हजारो कोटी रुपये आधीच खर्च झाले होते. तरी बीएस-३ च्या सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या विक्रीवाचून पडून होत्या. त्यांत ६ लाख ७१ हजार दुचाकी. मोटार कंपन्यांची संघटना ‘सियाम’ सुप्रीम कोर्टात म्हणाली की बंदी नव्या उत्पादनावर आहे, तयार माल विकू द्यावा, पूर्वीही असे विकू दिले होते. उद्योगाचे म्हणणे असे.

पण बजाज ऑटोने आपल्याच संघटनेच्या विरुद्ध बाजूने कोर्टात अर्ज दिला. आम्ही वेळेत बदल केला, मग ज्यांनी केला नाही त्यांना सवलत कशाला, असा तिचा सवाल होता. यात बजाजचा स्वतःचा फायदा होता, हे उघडच आहे. जुना साठा इतरांकडे जास्त होता. तरी जे बोलायचे ते स्वतःच्या नावाने बोलली, आणि ‘उद्योगाचे म्हणणे’ म्हणजे सगळ्यांचे म्हणणे नव्हे, हे कोर्टासमोर आले. २९ मार्च २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी विक्रीवर बंदी घातली. लोकांचे आरोग्य कंपन्यांच्या नफ्यापेक्षा मोठे, असे कोर्टाचे मत पडले. मग ३० आणि ३१ मार्चला शोरूमसमोर काय झुंबड उडाली, ते अनेकांना आठवत असेल. काही दुचाकींवर २२ हजारांपर्यंत सूट होती.

परदेशातही पुढे थोडा फरक पडला, तो भागधारक आणि कोर्ट यांच्या दबावाने. शेलने २०१९ मध्ये आपण ज्या संघटनांचे सभासद आहोत त्यांतल्या १९ संघटनांची तपासणी केली, प्रत्येकीची हवामानाबाबतची भूमिका आपल्याशी जुळते की नाही ते छापून प्रसिद्ध केले, आणि शुद्धीकरण कारखान्यांच्या एका संघटनेतून बाहेर पडली. २०२० मध्ये बीपीने तीन संघटना सोडल्या. जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सच्या टोटल कंपनीने पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे सभासदत्वच सोडले. शेल आणि बीपीने मात्र इन्स्टिट्यूट तेव्हा सोडली नाही, हेही सांगितले पाहिजे. जून २०२० मध्ये मिनेसोटा आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया या राज्यांनी लोकांची दिशाभूल केल्याबद्दल दावे लावले. त्यांत कंपन्यांच्या बरोबरीने इन्स्टिट्यूटलाही प्रतिवादी केले आहे.

शेलने जी तपासणी केली तिला मोठी यंत्रणा लागली असेल. आपल्या गावच्या संघटनेसाठी दोन वह्या पुरतात. एक ठरावांची, दुसरी जावक पत्रांची. वर्षभरात कोणत्या कचेरीला काय लिहून दिले, तो ठराव कोणत्या सभेत झाला, सभेला किती जण हजर होते, मसुदा कोणी आणला आणि त्या पत्राचा, छपाईचा, प्रवासाचा खर्च कोणी केला, एवढे पाहावे. वार्षिक सभेची नोटीस येते तेव्हा या दोन वह्या टेबलावर ठेवाव्यात, अशी मागणी सभासदाने लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.